पोटकलम तीन

राजीनाम्याच्या दिवशी रेनार्स म्हणाला,
"पगार निम्म्याहून कमी, खुर्ची करकरणारी,
संगणक तुझ्या भाचीच्या वयाचा.
दाइगा, तिथं घोडं कायमचंच पेंड खातं."
ती हसली. निवडुंगाची कुंडी पिशवीत टाकली,
ओळखपत्र काढून ठेवलं
आणि रीगाच्या फेब्रुवारीत चालत सुटली,
नदीवरच्या बर्फाकडे न बघता.

खरं कारण तिनं त्याला सांगितलंच नाही.

खरं कारण रेझेक्नेच्या पलीकडल्या एका खेड्यात
दोन कोट अंगावर चढवून बसलं होतं.
नाव स्तानिस्लाव. जुन्या कागदांवर एवढंच.
नव्या कागदांवर स्तानिस्लाव्स:
राज्य बदललं, भाषा बदलली,
तिच्या व्याकरणानं नावाला एक स जोडून दिला.
म्हातारा म्हणाला, असू दे,
शेपटीचं कुठं ओझं होतं!

दाइगाच्या कोडला मात्र ती शेपटी चालेना.
सरपणाच्या अनुदानाची यादी जुळवताना
त्यानं एका म्हाताऱ्याचे दोन केले,
दोघांवर संशय घेतला
आणि दोघांनाही नाकारलं.
ध चा मा करायला इथं कुणी कारस्थानी लागला नाही.
सहा ओळी पुरल्या,
तिनंच लिहिलेल्या, एका शुक्रवारी, साडेचारला.
सगळ्या चाचण्या हिरव्या.

पत्र कंपनीकडे आलं ते चुकून.
पेन्सिलीनं लिहिलेलं:
"मी एकटाच राहतो. हा दुसरा कोण, ते कळवावे.
भेटला तर निम्मी लाकडं त्याची."

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. तिनं ती केली.
मग झोप उडाली ती कायमची,
कारण ती करायला
कुठल्याच कायद्यानं तिला भाग पाडलं नव्हतं.
मनात आलं म्हणून केली.
मनात आलं नसतं तर?

आता मंत्रालयाचा तिसरा मजला.
समोर विझ्मा, नोकरीची एकतीस वर्षं,
बोटं उघडी टाकणारे लोकरी हातमोजे,
शहाजिऱ्याचा चहा पत्र्याच्या डब्यात.
सरकारी काम अन् सहा महिने थांब,
ही म्हण विझ्माच्या भाषेत नाही;
ती नुसती जगते तशी.
पहिल्याच आठवड्यात दाइगानं विचारलं,
"मसुद्याची चाचणी कशावर घेता?"
विझ्मानं चष्म्यावरून पाहिलं.
"लोकांवर," म्हणाली, "आणि तुम्ही?"

वाक्य साधं होतं:
यंत्रानं नाकारलेला अर्ज माणूस पुन्हा पाहील.
पहिल्या बैठकीत 'पाहील'चं 'पाहू शकेल' झालं.
चौथ्या मसुद्यात 'शक्यतो' शिरला,
पाचव्यात तिनं तो हुसकला,
सातव्यात तो परत, या वेळी तळटीपेत,
पाल शेपूट टाकून पळावी
आणि शेपूट वळवळत राहावी तसा.
कोडमधली चूक निदान लाल होऊन ओरडायची.
ही चूक टाय लावून येते,
दार हळू लावते,
सगळ्यांचे आभार मानते.

अकराव्या बैठकीत 'पाहील' टिकलं.
टाळ्या नाहीत. कुणीतरी खिडकी लावली.
फक्त शेवटी दोन शब्द वाढले होते:
नव्वद दिवसांत.

नव्वद दिवस. जानेवारीत अर्ज केला
तर उत्तर येईल बर्चला पालवी फुटताना.

तिनं समासात 'चौदा' लिहून मसुदा वर पाठवला.
तीन आठवड्यांनी तो खाली आला:
'चौदा' खोडलेलं, बाजूला 'तीस',
अक्षर कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही.

आता पावणेसहा. दिवे निम्मे मालवलेले.
दाइगा मसुद्याच्या पाठीवर गणित मांडते:
एक खोली, एक भट्टी, तीस दिवस.
"विझ्मा, तुमच्या गावी भट्टी आहे ना?
दिवसाला किती ओंडके लागतात?"
विझ्मा कोटाची बटणं लावता लावता थांबते.
"कोण बसलंय तिथं, त्यावर आहे.
म्हातारं माणूस?
मग रात्रीचे वेगळे धर."
कोट काढते. खुर्ची ओढते.
ती करकरते.